रिकामी सम : एका अमेरिकन रेगे बँडची पंचवीस वर्षं

तालुक्याच्या वाचनालयात जाऊन मी ‘रेगेवर काही मिळेल का’ असं विचारलं, तेव्हा बाईंनी माझ्यासमोर पु. शि. रेगे यांची ‘सावित्री’ आणि ‘अवलोकिता’ ही पुस्तकं आणून ठेवली. चूक त्यांची नव्हती. मराठीत रेगे म्हटल्यावर दुसरं काय आठवणार? मी दोन्ही पुस्तकं घरी आणली, ‘सावित्री’ पुन्हा एकदा वाचून काढली आणि जमैकाच्या संगीताची माहिती स्वतःच जमवायला लागलो. त्याला आता बारा वर्षं होतील. मी कुठल्या विद्यापीठात संगीत शिकलेलो नाही. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून पंचवीस वर्षं काढली, आणि गावच्या भजनात लहानपणापासून पखवाजाशेजारी बसत आलो. माझी अर्हता एवढीच. पुढं जे लिहिलं आहे ते या कानानं ऐकलेलं आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

आमचं आंबी हे तळेगाव दाभाड्यापासून जवळ, इंद्रायणीच्या काठी. एके काळी इथं भातशेती हाच मुख्य व्यवहार होता. मग आजूबाजूला कारखाने आले, कॉलेज आलं, आणि ज्यांच्याकडं दोन खोल्या जास्तीच्या होत्या त्यांनी त्या विद्यार्थ्यांना भाड्यानं द्यायला सुरुवात केली. आम्हीही दिल्या. २०१३ साली मिझोरामचा एक मुलगा शिक्षण संपवून गेला आणि खिडकीच्या फळीवर एक पेन ड्राइव्ह विसरला. त्याला फोन केला तर म्हणाला, “काका, ठेवा तुम्हालाच, गाणी आहेत फक्त.” त्यात एका फोल्डरचं नाव होतं ‘सोजा’. मला वाटलं अंगाईगीतं असतील. लावून बघितलं तर घराच्या पत्र्याला कंप सुटला.

तो कंप बास गिटारचा होता. पण मला बेचैन केलं ते त्या कंपानं नव्हे. मी सवयीनं मांडीवर मात्रा धरायला लागलो आणि माझा हात पहिल्या मात्रेवर पडला तेव्हा तिथं काहीच नव्हतं. पुन्हा धरली. पुन्हा काही नाही. जिन्याची एक पायरी चुकल्यावर पोटात जसं होतं, तसं झालं.

हा मुद्दा जरा सावकाश मांडायला हवा, कारण या लेखातलं पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. आपला केरवा घ्या किंवा भजनी ठेका घ्या, मात्रा आठ. पहिलीवर सम, पाचवीवर खाली. समेवर सगळे एकत्र येतात. टाळ, पखवाज, गाणारा, ऐकणाऱ्याची मान, सगळं तिथं पोचतं. खालीला तबल्याचा डग्गा गप्प बसतो, वजन निघून जातं. आता जमैकाच्या रेग्यातला ‘वन ड्रॉप’ नावाचा ठेका घ्या, आणि त्याच आठ मात्रा मोजा. पहिलीवर ढोल नाही. तिसरीवर आणि सातवीवर गिटारची तुटक छाट. आणि पाचवीवर पायाच्या ढोलाचा ठोका, त्याच क्षणी साइड ड्रमच्या कडेवर काठीची टिचकी. म्हणजे जिथं आपण वजन ठेवतो ती जागा त्यांनी मोकळी सोडली, आणि जिथं आपण वजन काढून घेतो तिथं सगळा भार टाकला. सम रिकामी आणि खाली भरलेली. बास गिटारसुद्धा पुष्कळदा पहिली मात्रा टाळून मागून येते. बॉब मार्लेच्या वेलर्समधला कार्ल्टन बॅरेट या ठेक्याचा सगळ्यात मोठा वादक मानला जातो. त्याचं वादन ऐकताना मला नेहमी वाटतं की हा माणूस न वाजवण्याचं वादन करतो आहे.

जमैकात हे कुठून आलं याचा इतिहास मोठा आहे आणि इंग्रजीत तो भरपूर लिहिला गेला आहे. इथं दोन-चार खुणा पुरेत. १९५०च्या दशकात किंग्स्टनच्या गल्ल्यांमधून ‘साउंड सिस्टीम’ फिरायच्या, म्हणजे मोठमोठे कर्णे आणि अमेरिकन रेकॉर्डी. आपल्याकडच्या मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीचे हे पूर्वज. त्या रेकॉर्डींची नक्कल करता करता ‘स्का’ जन्मला, तो १९६६च्या सुमारास संथ होऊन ‘रॉकस्टेडी’ झाला आणि १९६८च्या आसपास त्याचं ‘रेगे’ झालं. रास्ताफारी लोकांच्या न्याबिंगी ढोलांनी त्याला गांभीर्य दिलं. गुलामांच्या वंशजांनी आपल्याला डांबून ठेवणाऱ्या सगळ्या व्यवस्थेला बायबलातलं ‘बॅबिलॉन’ हे नाव दिलं, आणि रेगे हे बॅबिलॉनविरुद्धचं गाणं झालं. जाता जाता सांगतो : १८४५पासून हिंदुस्थानातून गिरमिटिये मजूर जमैकात नेले गेले. त्यांच्याबरोबर गांजा हा शब्दही गेला आणि तिथंच राहिला. एवढं सोडलं तर आपला आणि त्या संगीताचा थेट संबंध नाही. मला पेन ड्राइव्हमध्ये सापडलेला बँडही जमैकाचा नव्हता.

सोजा हा बँड अमेरिकेतला. १९९७ साली व्हर्जिनिया राज्यातल्या आर्लिंग्टनला सुरू झाला. आर्लिंग्टन म्हणजे पोटोमॅक नदीच्या अलीकडं आर्लिंग्टन, पलीकडं राजधानी वॉशिंग्टन. बँडचं मूळ नाव ‘सोल्जर्स ऑफ जाह आर्मी’, म्हणजे रास्तांच्या देवाचे, जाहच्या सेनेचे शिपाई. पुढं लांब नाव मागं पडलं आणि आद्याक्षरं उरली. गाणारा आणि गीतं लिहिणारा जेकब हेम्पहिल. बास वाजवणारा बॉबी ली जेफरसन, त्याचा शाळेपासूनचा मित्र. ड्रमवर रायन बर्टी, तालवाद्यांवर केन ब्राउनेल, कीबोर्डवर पॅट्रिक ओ’शे. बहुतेक गोरी, शहराच्या कडेच्या वस्तीतली मुलं.

ही मुलं रेग्याकडं का वळली, याला वॉशिंग्टनचं उत्तर आहे. तिथं इथिओपियातून आलेल्या लोकांची मोठी वस्ती. बॅड ब्रेन्स हा कृष्णवर्णीयांचा पंक बँड त्याच शहरातला. तो झपाट्यानं वाजवता वाजवता मध्येच थांबून संथ रेगे वाजवायचा. रास रेकॉर्ड्स ही जमैकन संगीताची महत्त्वाची कंपनीही त्याच परिसरातली, आणि तिच्या कितीतरी रेकॉर्डी ज्या ‘लायन अँड फॉक्स’ स्टुडिओत तयार झाल्या तिथला ध्वनिमुद्रक जिम फॉक्स यानंच सोजाचं सुरुवातीचं काम केलं. थोडक्यात, या मुलांना गुरू मिळाला होता. ती रेकॉर्डी ऐकून घरबसल्या शिकलेली नव्हती.

पण आर्लिंग्टनची दुसरीही ओळख आहे. पेंटागॉन, अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं ते अगडबंब कार्यालय, आर्लिंग्टनमध्येच आहे. आणि हेम्पहिलचे वडील आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत होते. त्यांच्या नोकरीमुळं त्याच्या बालपणाचा काही काळ लायबेरियात गेला. नाणेनिधी हे नाव जमैकात काय अर्थानं घेतलं जातं हे ज्यांना ठाऊक आहे, ते इथं थबकतील. मायकेल मॅनली यांच्या सरकारनं १९७७ साली नाणेनिधीशी करार केला, त्याच्या अटींखाली देश भरडला गेला, १९८० साली मॅनली निवडणूक हरले. जमैकाच्या पुढच्या कित्येक गाण्यांत त्या कर्जाची सावली आहे. नाणेनिधीच्या घरातला मुलगा पेंटागॉनच्या गावात बसून बॅबिलॉनविरुद्ध गाणी रचतो. हे वाचल्यावर माझी पहिली प्रतिक्रिया अशी होती की हे ढोंग असणार.

ते ढोंग नाही, हे मला त्यांच्या पहिल्या अल्बमनं पटवलं. ‘पीस इन अ टाइम ऑफ वॉर’ २००२ साली आला. त्याच्या आदल्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये पेंटागॉनवर विमान आदळलं होतं, अमेरिकी फौजा अफगाणिस्तानात उतरल्या होत्या आणि इराकची भाषा सुरू झाली होती. अशा वेळी त्या गावातल्या विशीतल्या पोरांनी स्वतःला शिपाई म्हणवून घेत शांतीचा अल्बम काढला. गीतं कच्ची आहेत. रास्ता लोकांचे शब्द त्यांनी उसने घेतलेत हे कळतं, हेम्पहिलच्या उच्चारात जमैकन ढब येते आणि ती त्याला नीट बसत नाही. पण वाजवणं बघा. ही मुलं कशाचीही घाई करत नाहीत. बास दोन सुरांत बोलते आणि गप्प होते. कीबोर्ड मागं राहून छोटे छोटे बुडबुडे सोडतो. पहिली मात्रा जपून रिकामी ठेवलेली. शिकाऊ वादकाला सगळ्यात कठीण जाते ती हीच गोष्ट, आणि ती त्यांनी आधी शिकली.

२००५ साली त्याच अल्बमची ‘डब’ आवृत्ती निघाली. डब म्हणजे तयार गाण्यातून गायकाचा आवाज, गिटार, एकेक गोष्ट काढून घ्यायची आणि उरलेल्याला घुमवायचं. किंग टबीनं हा प्रकार किंग्स्टनमध्ये घडवला. माझ्या मते सोजाचं पहिल्या काळातलं सगळ्यात चांगलं काम या डबमध्ये आहे, कारण त्यात उसने शब्द निघून जातात आणि शिकलेलं मौन तेवढं उरतं. इथं बरेच रेगेप्रेमी माझ्याशी भांडतील.

२००६च्या ‘गेट वायझर’बद्दल फार थांबत नाही. आवाज जड झाला, गीतं धीट झाली, अकरा सप्टेंबरवर एक गाणं आलं. बँडला श्रोते मिळाले ते या अल्बमपासून. खरं वळण पुढचं आहे.

‘बॉर्न इन बॅबिलॉन’ २००९चा. या नावातच मला त्यांचा सगळ्यात प्रामाणिक उद्गार दिसतो. तोवर बॅबिलॉन म्हणजे समोरचा शत्रू होता. आता ते म्हणतात, आम्ही जन्मलो तेच तिथं. जमैकन गायकाला हे नाव वेगळ्या अर्थानं देता येईल, बंदिवासात जन्मलो अशा अर्थानं. आर्लिंग्टनच्या मुलानं दिलं की त्याचा अर्थ कबुलीजबाबाकडं झुकतो. आवाजही त्या कबुलीला साजेसा बदलला आहे. हेम्पहिल जमैकन ढब बरीचशी सोडून स्वतःच्या गळ्यानं गायला लागतो; एका गाण्यात साधी गिटार घेऊन प्रेमाबद्दल गातो. फुंकवाद्यं वाढली. ड्रम मात्र अजून जुन्या शिस्तीत आहे. आपला आवाज आणि परक्याचा ठेका, दोन्ही उघड दिसतात आणि सांधाही लपवलेला नाही. मला बँड इथं सगळ्यात आवडतो.

त्यानंतर बाजार आला असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण गोष्ट तेवढी सरळ नाही. २०१२चा ‘स्ट्रेंग्थ टु सर्व्हाइव्ह’ एटीओ रेकॉर्ड्सनं काढला. ही डेव्ह मॅथ्यूज या गायकानं सहकाऱ्यांसह उभी केलेली कंपनी. निर्माता जॉन अलाजिया, डेव्ह मॅथ्यूज बँड आणि जॉन मेयर यांच्याबरोबर काम केलेला, म्हणजे अमेरिकन गिटार-पॉपमधला मुरलेला कारागीर. त्यानं काय केलं? कानाला धरून सांगायचं तर त्यानं जागा भरल्या. दोन छाटांच्या मधे पूर्वी हवा होती, तिथं आता दुसरी गिटार झंकारते. गाण्याच्या धुवपदावर तीन-चार आवाज एकत्र चढतात. पहिली मात्रा अजून ढोलाविनाच असते कधी कधी, पण ती रिकामी वाटत नाही, कारण तिच्यावरून काहीतरी ओघळत गेलेलं असतं. गीतांत जाह कमी झाला. घर, आई-बाप, तुटलेलं प्रेम, तापत चाललेली पृथ्वी हे विषय आले. आणि एक मान्य केलं पाहिजे. माझ्या घरात बायको-मुलांना आवडलेला हा पहिला सोजा अल्बम. बायको म्हणाली, “आता कसं गाण्यासारखं वाटतंय.” तिच्या दृष्टीनं आधीचं सगळं कुणीतरी भिंत ठोकत असल्यासारखं होतं.

२०१४च्या ‘अमिड द नॉइझ अँड हेस्ट’नं तर माझा सोपा सिद्धांत मोडलाच. मी वहीत लिहून ठेवलं होतं : जमैका म्हणजे मोकळी जागा, अमेरिका म्हणजे भरणा. या अल्बमचा निर्माता सुपा डप्स हा किंग्स्टनमध्ये जन्मलेला चिनी वंशाचा जमैकन. पाहुण्यांत बॉब मार्लेचा मुलगा डेमियन. म्हणजे जमैका इथं स्वतः हजर आहे. आणि अल्बम आधीच्यापेक्षा जास्त भरलेला, यंत्रावर घडवलेल्या ठोक्यांनी गच्च. मग मला आठवलं की जमैकानंच १९८५ साली एका छोट्या कॅसिओ कीबोर्डातल्या तयार ठेक्यावर ‘स्लेंग टेंग’ रचून आपलं सगळं संगीत रातोरात यांत्रिक केलं होतं. डान्सहॉल त्यातूनच पुढं फोफावला. मोकळी सम ही जमैकाची एका काळातली निवड होती. तिथल्या पोरांनी ती केव्हाच बदलली. तिला चिकटून बसलो होतो ते आम्ही, बाहेरचे भाविक. मी वहीतलं ते पान फाडलं नाही, फुली मारली.

२०१७चा ‘पोएट्री इन मोशन’ हा बँडनं पुन्हा एकत्र बसून केलेला अल्बम. तोवर ते आठ जण झाले होते. ट्रेव्हर यंगची लीड गिटार, हेलमन एस्कॉर्सियाचा सॅक्सोफोन, राफाएल रॉड्रिगेझचा ट्रम्पेट. त्यात जुना जडपणा थोडा परतला, मला बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर मी तो चारच वेळा ऐकला. चांगलं आहे पण बोलावत नाही, असं काही कामांचं असतं.

मग आला २०२१चा ‘ब्यूटी इन द सायलेन्स’. नावात मौन आहे आणि अल्बममध्ये ते शोधावं लागतं. अनेक गाण्यांत पाहुणे : रेबेल्यूशन, स्टिक फिगर, स्लाइटली स्टूपिड, इंग्लंडचा यूबी-फोर्टी. यातले पहिले तिघं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या रेगे-रॉक परंपरेतले. १९९०च्या दशकात लाँग बीचच्या सब्लाइम या बँडनं जी वाट पाडली, तिच्यावरून चालत आलेले. २०१४च्या अल्बमात सोजानं मार्लेच्या घरी दार ठोठावलं होतं. इथं त्यांनी स्वतःच्या गल्लीतल्या लोकांना जेवायला बोलावलं आहे. अमेरिकन रेगे ही आता स्वतंत्र बिरादरी आहे, तिला जमैकाच्या सहीची गरज उरलेली नाही, असं तो अल्बम न बोलता सांगतो. ध्वनी गुळगुळीत, उन्हाळी, समुद्रकाठचा. पहिली मात्रा? ती आता कुणाच्याही पायाखाली सापडते. जिन्याची पायरी चुकत नाही.

एप्रिल २०२२मध्ये या अल्बमला सर्वोत्तम रेगे अल्बमचं ग्रॅमी मिळालं. हे पारितोषिक सुरू झालं तेव्हा, १९८५ साली, ते ब्लॅक उहुरू या जमैकन गटाला मिळालं होतं. २०२२ला सोजासमोर होते शॉन पॉल, स्पाइस, एटाना, ग्रॅम्प्स मॉर्गन, जेसी रॉयल. बहुतेक जमैकाचे. जमैकात नाराजी उमटली, आणि ती समजण्यासारखी होती. त्याच्या चारच वर्षं आधी युनेस्कोनं रेग्याला जमैकाचा अमूर्त वारसा म्हणून यादीत घेतलं होतं. वारसा तुमचा, पारितोषिक त्यांचं. काहींनी उलटही विचारलं, की सगळ्या जगानं आमचं संगीत वाजवावं असं आपणच म्हणत आलो, मग आता का रडायचं?

मला त्या आठवड्यात सुलोचना चव्हाण आठवत होत्या. त्यांना त्याच वर्षी पद्मश्री जाहीर झाली होती. मुंबईत वाढलेल्या, संगीतबारीच्या घराण्यातल्या नव्हेत; डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहून गाणाऱ्या. रेकॉर्डींतून आणि रेडिओवरून लावणी घराघरात पोचली ती त्यांच्या आवाजात. आमच्या घरातल्या बायका ज्या लावणीचं नाव घ्यायला बिचकायच्या, ती सुलोचनाबाईंच्या तोंडून ऐकायला बिचकत नव्हत्या. ज्या बायकांनी फडावर आणि बारीत पिढ्यान्‌पिढ्या ही कला जगवली आणि तिच्यापायी समाजाचा कलंक सोसला, त्यांच्या वाट्याला ती प्रतिष्ठा आली नाही. म्हणून सुलोचनाबाईंचं गाणं खोटं ठरतं का? माझा कान म्हणतो, मुळीच नाही. आणि इतिहासही माझ्या तक्रारीला पुरता साथ देत नाही, कारण बारीतून आलेल्या यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री त्यांच्या आधी दहा वर्षं, २०१२ला, मिळाली होती. तेव्हा त्या शंभरीच्या उंबरठ्यावर होत्या, ही वेगळी गोष्ट.

दोघींच्या गाण्यात फरक मात्र आहे आणि तो सोजाच्या प्रश्नाशी जुळतो. यमुनाबाई एखादी ओळ अर्ध्यावर सोडून देतात. पुढचं चेहऱ्यानं, हातानं, नुसत्या थांबण्यानं होतं. समोर बसलेल्याला ती जागा भरावी लागते. रेकॉर्डीला चेहरा नाही. सुलोचनाबाईंना सगळं गळ्यातून द्यावं लागलं. ठसका, खट्याळपणा, इशारा, सगळं सुरात ओतावं लागलं. त्यांनी ते असं ओतलं की दुसऱ्या कुणाला जमलं नाही. माध्यम बदललं, ऐकणारा लांब गेला, की कलावंत रिकाम्या जागा भरायला लागतो. किंग्स्टनच्या अंगणात नाचणारा माणूस पहिली मात्रा स्वतःच्या गुडघ्यात वाजवत होता. म्हणून ढोलाला ती वाजवायची गरज नव्हती. हजारो मैलांवर, गाडीत, मोबाइलवर ऐकणाऱ्याच्या गुडघ्यात ती नाही. सोजानं ती वाजवून दाखवायला घेतली. त्यात लबाडी नाही. पण आर्लिंग्टनच्या त्या पाच मुलांना ती गुडघ्यात सापडली होती, २००२ साली, एवढं मला माहीत आहे, म्हणून हळहळ वाटते.

आता जे सांगणार आहे ते या निबंधात यावं की नाही, याचा मी बराच विचार केला. आमच्या भजनी मंडळात चार वर्षांपूर्वी ओडिशाचा एक मुलगा यायला लागला. कारखान्यात कंत्राटी कामगार. त्याच्या गावाकडं मृदंग वाजवतात, हात तयार होता. त्याला पखवाज हवा होता. मंडळात कुजबुज झाली. हे आपल्या पिढीजात भजन आहे, उद्या हे लोकच पुढं बसतील, वगैरे. आमचे जुने पखवाजी, ज्यांच्याकडं मी शिकलो, ते म्हणाले, वाजवू दे. तो वाजवायला बसला आणि त्यानं खालीची जागा बोलांनी गच्च भरून टाकली. त्याच्याकडची तशीच रीत असेल. बाबा त्याला म्हणाले, “बाळा, जागा सोड. टाळकऱ्याला श्वास घेऊ दे.” त्याला मराठी अर्धवट कळायचं. ‘जागा सोड’ म्हणजे उठून जा, असं समजून तो उठला, नमस्कार केला आणि निघून गेला.

मी तिथंच होतो. मला दोन्ही अर्थ कळत होते. त्याला हात धरून बसवणं मला सहज शक्य होतं. मी टाळ हातात धरून बसून राहिलो, कारण मंडळातल्या दोन-चार जणांचे चेहरे मी बघितले होते. रेग्यावर वह्या भरणारा, कुणाचं संगीत कुणी वाजवावं यावर बारा वर्षं विचार केलेला माणूस मी.

या लेखाचा पहिला खर्डा मी २०२२च्या पावसाळ्यात लिहिला होता. त्यात सोजाला परक्याचं धन लुटणारे ठरवून मोकळा झालो होतो. तो खर्डा वाचायला बरा होता, वाक्यं ठणठणीत होती. यंदा काढून बघितला तेव्हा त्यात आमच्या मंडळातल्या कुजबुजीचा आवाज ऐकू आला. म्हणून तो बाजूला ठेवून सगळे अल्बम ओळीनं पुन्हा ऐकले, हातात पेन्सिल घेऊन, मात्रा मोजत. जे वर लिहिलं ते त्यातून आलेलं आहे. बँडला त्यांच्या रंगावरून किंवा गावावरून जोखण्यात मला आता रस नाही. जोखायचं ते मोकळ्या जागेचं त्यांनी काय केलं यावरून. त्या मापानं ‘बॉर्न इन बॅबिलॉन’ टिकतो, डब टिकतो, ‘स्ट्रेंग्थ टु सर्व्हाइव्ह’मधली तीन-चार गाणी टिकतात, ग्रॅमीवाला अल्बम मला टिकेल असं वाटत नाही. त्याच्या स्पर्धेतले इतर पाच अल्बमही याच मापानं लावून बघितले. शॉन पॉलच्या अल्बमात तर श्वास घ्यायलाही उसंत नाही. म्हणजे जमैकन असण्यानंही ती जागा आपोआप मिळत नाही.

ओडिशाच्या त्या मुलाचा पत्ता मी काढला. तो आता चाकणकडं दुसऱ्या कारखान्यात आहे. कार्तिकात काकडा सुरू होईल तेव्हा ये म्हणून निरोप दिलाय. बाबांना ऐकू कमी येतं आता, पण पखवाजाची शाई त्यांनी गेल्या आठवड्यात स्वतः बघून घेतली. निरोपाला त्यानं उत्तर पाठवलं, त्यात एक प्रश्न होता : पाळी कुठली, पहाटेची की रात्रीची? काकड्याला कारखान्यातल्यासारखी पाळी नसते, सगळे पहाटे चारलाच येतात, हे त्याला अजून कळवायचं राहिलं आहे.